यकृतात निजलेला ताप

फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन हैदराबादेत पाठ भाजून काढतं. त्या उन्हात गच्चीवर बसून चिंचोके काढत असताना हणमंतरावांचे दात वाजायला लागले. त्यांनी हातातला बत्ता खाली ठेवला, दंडावर उठलेला काटा पाहिला आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन बायकोला हाक मारली.

"कुसुम, आला बघ परत."

कोण आला ते कुसुमताईंना विचारावं लागलं नाही. पावसाळ्यात एकदा आला होता, दिवाळीनंतर एकदा, आणि आता हा तिसऱ्यांदा. अंगावर रजयांचा ढीग घातला तरी खाट थडथडत होती. मग अंग इस्तरीसारखं तापलं, मग घामाने उशी भिजली, आणि दिवेलागणीला हणमंतराव उठून बसले ते काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्याने. "भूक लागली," म्हणाले. दुसरा दिवस साफ गेला. तिसऱ्या दिवशी बरोबर त्याच सुमाराला पुन्हा थंडी.

हणमंतराव मूळचे देगलूरकडच्या एका खेड्यातले. शेतकऱ्याच्या घरातून निघून तरुणपणीच हैदराबादेत आले, दिवाणी कोर्टात चिकटले आणि पेशकार म्हणून निवृत्त झाले. जन्मभर जज्जसाहेबांच्या पायरीखालच्या टेबलावर बसून त्यांनी साक्षी-पुरावे पाहिले होते. त्यामुळे घरात दुधाचं पातेलं कुणी सांडलं इथवर "सबूत काय?" असं विचारायची त्यांची सवय होती. आता काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, मुलगा संदीप आणि सून त्रिवेणी यांच्याबरोबर दोघं नवरा-बायको राहत होती.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "मलेरियाच आहे. मागचाच प्रकार, व्हायवॅक्स. आजोबांनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला नसणार. दोन दिवस बरं वाटलं की लोक सोडून देतात."

कुसुमताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "एकेक गोळी मी माझ्या हाताने दिलीय, डॉक्टर. गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तोंड उघडून दाखवा, म्हणायची यांना."

"मग नवा डास चावला असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

नवा डास. परतताना ऑटोमध्ये कुसुमताई त्याचाच विचार करत होत्या. घराच्या सगळ्या खिडक्यांना जाळी होती. टाकीचं झाकण त्या स्वतः बघून येत. कूलर दसऱ्यालाच कोरडा करून माळ्यावर टाकला होता. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाला साधी कणकण नव्हती. मग दर दोन-तीन महिन्यांनी नेमका यांनाच शोधत येणारा हा डास यायचा कुठून?

संध्याकाळी त्रिवेणी कामावरून आली आणि नेहमीप्रमाणे खांद्यावरची पिशवी खुंटीला लावायला गेली.

"ती पिशवी बाहेर ठेव," कुसुमताई म्हणाल्या.

"का, आत्या?"

"तुमच्याकडे मलेरियाचे डास असतात ना?"

त्रिवेणीला सगळं एकदम कळलं. तारनाक्यापलीकडच्या एका संशोधन संस्थेत ती मलेरियाच्या डासांवर काम करत होती. आजारी माणसांच्या संमतीने घेतलेलं थोडं रक्त प्रयोगशाळेत डासांना पाजायचं, मग डासाच्या पोटात तो परजीवी कसा वाढतो ते बघायचं, आणि दोघांची जनुकं वाचायची, हे तिचं काम. लग्न ठरलं तेव्हापासून सासरी त्याची थट्टा चाले. हणमंतराव पाहुण्यांना सांगत, "लोक मच्छर मारतात, आमची सून पाळते."

"असतात," ती म्हणाली. "पण एकामागे एक दारं आहेत, आत जाळीचे डबे आहेत. कुठलाही जिवंत डास बाहेर येत नाही."

"एकसुद्धा नाही?"

त्रिवेणी क्षणभर गप्प राहिली. कुठल्याही गोष्टीबद्दल शंभर टक्के असं म्हणायचं नाही, ही तिला कामाने लावलेली शिस्त होती. पण त्या क्षणभराच्या गप्प राहण्याने व्हायचं ते झालं. कुसुमताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी फोनवर बहिणीला सांगितलं, बहिणीने आणखी कुणाला, आणि जिन्यात भेटणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या बाई त्रिवेणीला पाहून भिंतीला चिकटून उभ्या राहायला लागल्या.

संदीप आईशी भांडला. त्रिवेणी नाही भांडली. खरं म्हणजे तिची स्वतःचीच खात्री पटत नव्हती. एखादा डास, एखाद्या ओढणीच्या घडीत बसून, दारांमधून सगळ्यांच्या नजरा चुकवून... असं कधी झालेलं नव्हतं. पण झालंच नसेल, हे ती कशाच्या आधारावर म्हणणार?

शेवटी तोंड उघडलं हणमंतरावांनी. तापाच्या सुट्टीचा दिवस होता, ते चहा पीत बसले होते. डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलेल्या गोळ्यांना त्यांनी अजून हात लावला नव्हता.

"डॉक्टर म्हणतो मी गोळ्या खाल्ल्या नाहीत. कुसुम म्हणते सुनेने डास आणला. दोन्हीला सबूत नाही. त्रिवेणी, तू ते जनुकं का काय वाचतेस ना? त्यावरून सांगता येतं का, हा ताप कुठला ते?"

"येईल, मामा," ती म्हणाली. सासूला ती आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणत असे. "निदान तिन्ही वेळचा ताप एकाच परजीवीचा आहे का वेगवेगळ्या, ते कळेल. आणि आमच्याकडच्या नमुन्यांशी तो जुळतो का, तेही. मी उषा मॅडमना विचारते. पण मामा, जुळला तर?"

"तर जुळला. जे आहे ते समोर येऊ दे."

उषा मॅडम त्रिवेणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. त्रिवेणीने या तपासणीला हात लावायचा नाही. नमुन्यांवर नाव राहणार नाही, आणि वाचणारे लोक दुसऱ्या मजल्यावरचे असतील. पहिल्या दोन तापांच्या वेळी काढलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या पॅथॉलॉजीवाल्याने ठेवल्या असतील तर त्याही मागवा, त्या म्हणाल्या. पट्टीवर वाळलेल्या रक्तातसुद्धा जनुकं शिल्लक असतात. "आणि औषध आणखी लांबवायचं नाही. उद्या सकाळी रक्त देऊ दे, तिथूनच गोळी सुरू."

दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. हणमंतरावांनी कोर्टात जाताना घालायचे तसा कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते सुनेबरोबर ऑटोत बसले. विद्यापीठाच्या आवारातली झाडी मागे पडली.

उषा मॅडम सिकंदराबादेत वाढलेल्या. त्यांच्या मराठीत तेलुगू कधी शिरायची ते त्यांना कळायचं नाही. "कूर्चोंडी, बसा बसा," असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. संमतीचा कागद वाचून दाखवला, हणमंतरावांनी तो पुन्हा स्वतः वाचला, मग सही केली. दंडातून रक्त घेतलं गेलं. गोळ्यांचं पाकीट हातात आलं.

"माझ्या रक्ताचं तुम्ही काय करता ते बघू द्याल का?" त्यांनी विचारलं.

उषा मॅडमनी त्रिवेणीकडे पाहिलं. "बघण्यात काही हरकत नाही. एक थेंब ठेव भिंगाखाली."

त्रिवेणीने थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा सासऱ्यांच्या बाजूला वळवला. राखाडी उजेडात गोल गोल चकत्या दाटीने पसरल्या होत्या. संथ वाहत्या पाण्यावर हरभऱ्याची सालं तरंगावीत तशा त्या हलत होत्या.

"ह्या तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. आता हा बघा." तिने एका चकतीवर बोट ठेवलं. ती बाकीच्यांपेक्षा फुगलेली होती आणि तिच्यात तपकिरी कण भरले होते. "तुमच्या रक्तातला रंग खाऊन त्याने हे कण केलेत."

"हा तो?"

"हा तो."

हणमंतराव पुढे वाकले. एवढे दिवस ज्याने रजयांखाली त्यांची हाडं खिळखिळी केली, तो एका कोपऱ्यात गप्प बसलेला होता. बराच वेळ काहीच झालं नाही. उषा मॅडमनी मागे उभ्या राहून चहा मागवला. चहा आला. हणमंतरावांनी कप उचललाच नाही, कारण तेवढ्यात ते तपकिरी कण थरथरायला लागले होते.

आधी थोडे. मग सगळेच, उकळीच्या पाण्यात तीळ टाकावेत तसे नाचायला लागले. पेशी गोल झाली. तिची कड एकदम फुटली आणि आतून एक बारीक लांब धागा बाहेर आला, चाबकासारखा सपकन फिरला. मग दुसरा. मग किती ते मोजता येईनात. ते धागे आजूबाजूच्या तांबड्या चकत्यांना फटके मारत होते, ढकलत होते, गर्दीत वाट काढावी तशी वाट काढत होते. एक धागा तुटून सुटा झाला आणि पडद्यावरून सळसळत बाहेर निघून गेला.

"या अल्ला," हणमंतरावांच्या तोंडून निघालं. कोर्टातल्या उर्दू बोलीची जुनी सवय. "हे माझ्या अंगात असं सतत चालू असतं?"

"नाही, मामा. तुमच्या अंगात असताना तो अगदी शांत असतो. हे फक्त बाहेर आल्यावर. तुमच्या अंगाची ऊब गेली, थेंब गार पडला. त्यावरून त्याने ओळखलं की आपण माणसातून निघालो. त्याला वाटतंय आपण डासाच्या पोटात पोचलो."

"वाटतंय? त्याला डोकं कुठंय?"

"डोकं नाही. डोळे नाहीत. एकच पेशी आहे."

"आणि तरी कळलं?"

"कळलं."

"आता कुठं चाललेत हे?"

"हे नर आहेत. याच रक्तात मादी आहे, तिला शोधतायत. डासाच्या पोटात त्यांचा जोड जमला की त्यातून पुढची पिढी. ती डासाच्या पोटाची भिंत पोखरून पलीकडे जाते, तिथे एकाची हजारो होतात, आणि ती सगळी चालत चालत डासाच्या लाळेत जाऊन बसतात. पुढच्या माणसाची वाट बघत."

हणमंतराव कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. सूनही बघत होती. हजारदा पाहिलं होतं तिने, पण या थेंबात तिच्या घरातलं रक्त होतं आणि तिला पुन्हा पहिल्यांदा पाहिल्यासारखं झालं. हळूहळू धागे मंदावले.

"वाट चुकले बिचारे," हणमंतराव म्हणाले, आणि आपण कुणाबद्दल हळहळतोय ते लक्षात येऊन स्वतःच दचकले.

निघण्यापूर्वी त्यांनी उषा मॅडमना विचारलं, "पण मॅडम, मधले महिने हा असतो कुठे? ताप नसतो तेव्हा? रक्ताचा रिपोर्ट तर साफ येतो."

"यकृतात. डास चावला की हे पहिल्यांदा यकृतात जातात. काही लगेच वाढून रक्तात उतरतात. पण या जातीतले काही तिथेच निजतात. महिना, सहा महिने, कधी त्याहून जास्त. मग केव्हातरी एखादा जागा होतो आणि ताप येतो. म्हणून दोन औषधं देतात. एक रक्तातल्यांसाठी, दुसरं निजलेल्यांसाठी."

"जागं कोण करतं त्यांना?"

उषा मॅडम हसल्या. "ते आम्हालाही नीट माहीत नाही. माहीत झालं तर फार मोठी गोष्ट होईल."

घरी येताना हणमंतराव ऑटोत उजव्या कुशीवर, बरगड्यांच्या खाली, तळहात ठेवून बसले होते.

ताप गेला. पण आता तो गेला असं कुणी म्हणत नव्हतं. पिशवी दाराबाहेरच राहत होती. त्रिवेणी जेवण करून आपल्या खोलीत जात असे, कुसुमताई तिच्याशी कामापुरतं बोलत. होळी झाली, उन्हं चढली, आणि एका रविवारी उषा मॅडमचा फोन आला की मी स्वतः घरी येते.

त्या आल्या आणि कुसुमताईंनी दिलेलं ताक संपवून सरळ मुद्द्यावर आल्या.

"तिन्ही तापांचा परजीवी एकच आहे. जनुकं अगदी मिळतीजुळती. म्हणजे दर वेळी नवा डास चावला नाही. एकदाच केव्हातरी चावला, आणि त्या वेळी शिरलेले यकृतात निजून राहिले. दुसरं, आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या एकाही नमुन्याशी तो जुळत नाही. जवळचासुद्धा नाही. हे वाचणाऱ्यांना कुठला नमुना कुणाचा ते माहीत नव्हतं."

त्रिवेणीने संदीपचा हात घट्ट धरला होता, तो सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुसुमताईंचा चेहरा मात्र उतरला. "मग डॉक्टर म्हणाले तेच खरं? यांनी गोळ्या...? पण मी डोळ्यांनी पाहिलंय हो."

"तुम्ही बरोबर पाहिलंत, अम्मा. सगळ्या गोळ्या पोटात गेल्या." उषा मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "म्हणून आम्ही त्यांच्या परवानगीने त्यांची स्वतःची जनुकं पण पाहिली. निजलेल्यांना मारणारी जी गोळी आहे ना, ती पोटात जाते तेव्हा तिच्यात ताकद नसते. यकृतात एक प्रथिन असतं, ते तिच्यावर काम करतं, तेव्हा कुठे तिचं औषध होतं. हणमंतरावांच्या यकृतात ते प्रथिन तयारच होत नाही. जन्मापासून. शंभरात दोघा-तिघांचं असं असतं. त्यांनी पोतंभर गोळ्या खाल्ल्या असत्या तरी औषध तयार झालं नसतं."

कुसुमताई उठल्या. दार उघडून त्यांनी बाहेरची पिशवी आत आणली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि खुंटीला लावली. "पोरी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्रिवेणी उठून त्यांच्याजवळ गेली.

"पहिला डास कुठे चावला, ते कळलं का?" संदीपने विचारलं.

"नाही. तेवढं जनुकं सांगत नाहीत."

हणमंतराव मात्र भलत्याच विचारात होते. "जन्मापासून म्हणालात. म्हणजे आई-बापाकडून आलं?"

"हो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. तुमच्या आई-वडिलांकडे बहुतेक एकेक बिघडलेली आणि एकेक चांगली असेल, त्यामुळे त्यांना काही झालं नसेल."

"मग माझ्या भावाला?"

"चारांत एक शक्यता."

हणमंतराव उभे राहिले, खिडकीशी गेले, परत आले. त्यांनी जे सांगितलं ते संदीपला अर्धंमुर्धं माहीत होतं, पण त्याकडे त्याने कधी अशा नजरेने पाहिलं नव्हतं.

हणमंतरावांचे थोरले भाऊ शिवराज. खेड्यात असताना त्यांना असाच ताप यायचा. सरकारी माणूस गोळ्या देऊन जायचा, आई समोर बसून खायला लावायची, आणि दोन-तीन महिन्यांनी पोरगं पुन्हा गोधडीत थडथडत पडलेलं. बापाची खात्री झाली की हा शाळा चुकवायला गोळ्या गोठ्यात थुंकतो. मारायचा. शिवराज रडून सांगायचा, गिळल्या, आईची शपथ गिळल्या. शेवटी शाळेतून नाव गेलं आणि त्याला म्हशींमागे लावलं. ताप पुढे केव्हातरी आपोआप थांबला. पण घरात एक बोलणं तयार झालं ते झालंच. कुणी थाप मारली की म्हणायचं, "ही शिवराजची गोळी." आजही लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतं, सगळे हसतात. शिवराजअण्णाही हसतात.

"मीही म्हटलंय," संदीप हळूच म्हणाला.

त्याच संध्याकाळी हणमंतराव त्रिवेणीला घेऊन दिलसुखनगरला गेले. शिवराजअण्णांचं घर बाजाराच्या मागच्या बाजूला, खाली मुलांचं धान्याचं दुकान, मधल्या मजल्यावर राहणं, वर क्लासची पोरं भाड्याने. अण्णा दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. पंचाहत्तरी उलटलेला, रुंद हाडाचा माणूस.

"काय रे हणमंता, बुखार उतरा?" त्यांनी विचारलं.

हणमंतराव शेजारच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. डास, थेंब, धागे, निजलेले, ते प्रथिन. कुठे अडलं की त्रिवेणी भर घालत होती. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, गिऱ्हाइकं येत-जात होती. अण्णा ऐकताना आणि सांगून झाल्यावरही समोरच्या फळांच्या गाड्यांकडे बघत राहिले.

"मी गिळत होतो रे," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

"कडू जहर असायच्या. पाणीसुद्धा पुरायचं नाही. पण गिळत होतो." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. मग शर्टाची बाही वर सारून त्रिवेणीकडे हात केला. "घे रक्त. आत्ताच घे."

"अण्णा, सुई नाही माझ्याकडे. उद्या येते."

"नक्को. तू कशाला, मीच येतो तुमच्या तिकडे."

ते खरंच आले, नातवाच्या मोटारीतून, धुतलेलं धोतर नेसून. तपासणीला काही आठवडे लागले. तोवर हणमंतरावांचा उपाय ठरला होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी निजलेल्यांना मारण्याचा नाद सोडून दिला आणि रक्तातल्यांसाठीची गोळी आठवड्यातून एकदा, सहा महिने, अशी बांधून दिली. एखादा जागा होऊन रक्तात उतरला की तिथेच संपेल, आणि निजलेलेही हळूहळू सरतील. कुसुमताई दर रविवारी गोळी देत, पण आता तोंड उघडून दाखवा म्हणत नसत. पावसाळा आला, गल्लीतून धुराची गाडी फिरली, शेजारीपाजारी तापाने पडले. हणमंतरावांना थंडी वाजली नाही. पुढे गोळी बंद झाली, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरीही नाही.

अण्णांचा निकाल मात्र पावसाळा तोंडावर असतानाच आला होता. तोच बिघाड, दोन्ही प्रतींमध्ये. त्रिवेणी लॅपटॉप घेऊन दिलसुखनगरला गेली. हणमंतरावही होते. तिने आधीच सांगून टाकलं, "अण्णा, लहानपणी तुम्हाला जो ताप यायचा तो नेमका याच कारणाने येत होता, हे आता सिद्ध करता येणार नाही. तेव्हाचं रक्त कुणाकडे नाही."

"पण असू शकतं?"

"असू शकतं. माझं मत विचाराल तर तेच असावं."

"मला दाखव."

तिने पडदा त्यांच्याकडे फिरवला. इंग्रजी अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या, चारच अक्षरं उलटसुलट. अण्णांनी चष्मा चढवला. दुकानाच्या पाट्या आणि पोत्यांवरचे शिक्के वाचण्यापुरती इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती. ते एकेका अक्षराखाली बोट धरून हळूहळू वाचायला लागले, मोठ्याने, पाठ म्हणावा तसं. त्रिवेणीने एका जागी त्यांचं बोट थांबवलं.

"हे. इथे जी पाहिजे. तुमच्याकडे ए आहे."

"एवढंच?"

"एवढंच. एका अक्षराने पुढचं वाचणंच चुकतं आणि प्रथिन बनत नाही."

अण्णा त्या अक्षराकडे बघत राहिले. "आईकडून आलं का बापाकडून?"

"दोघांकडून. एक आईचं, एक त्यांचं."

"म्हणजे बापाच्या अंगात पण हे होतं." बोट तिथेच होतं. "मारताना पण होतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक."

हणमंतरावांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. अण्णांनी तो झटकला नाही, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते, जिथे ओळी संपत नव्हत्या.

"हे पुढे कुठवर जातं?"

"खूप लांब. सगळं धरलं तर तीनशे कोटी अक्षरं. जन्मभर वाचलं तरी संपणार नाही."

"आणि हे सगळं माझ्यात?"

"तुमच्या एकेका पेशीत."

खाली दुकानात कुणीतरी तांदळाचा भाव विचारत होतं. मुलाने हाक मारली, "बाबा, जरा येता का?" अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.

"सरकव," ते त्रिवेणीला म्हणाले. "थोडं पुढचं वाचू दे."